साल की शाल?

दोन-तीन वर्षांपूर्वी बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोन दिवस होतो. निमित्त विज्ञानाच्या प्रयोगांचं होतं, पण तिथल्या मराठीच्या बाईंनी आम्हाला वेगळ्याच कोड्यात टाकलं. संगणकाच्या खोलीत त्या मुलांना ध्वनिमुद्रित शब्द ऐकवून श्रुतलेखन घेत. प्रत्येकाच्या कानात इअरफोन, त्यामुळे शेजारच्याचं बघून लिहिणं जरा कमी. जुने इअरफोन एकेक करत निकामी झाले, नेहमीप्रमाणे पिनेजवळची तार तुटून, आणि त्यांच्या जागी घाईघाईनं डझनभर नवे आणले गेले. खोक्यावर ठळक अक्षरांत 'एक्स्ट्रा बेस' छापलेले. गाणी ऐकायला मिळाली तेव्हा मुलं एकदम खूश. पण त्याच आठवड्यापासून श्रुतलेखनातल्या चुका वाढल्या.

"घरची बोली हो, दुसरं काय?" बाई म्हणाल्या. "कितीही सांगा, 'श' आणि 'स' सुधारतच नाही."

आम्ही वह्या मागून घेतल्या. 'साल'च्या जागी 'शाल', 'सर'च्या जागी 'शर', 'रस'च्या जागी 'रश'. आता गंमत पाहा. या भागातल्या बोलीत 'शाळे'ची 'साळा' होते, हे खरं. पण चुका उलट्या दिशेनं झाल्या होत्या. 'साल'ला 'शाल' म्हणणारं माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात सापडणार नाही. म्हणजे चूक मुलांच्या जिभेवरून आलेली नव्हती. ती कानात शिरतानाच झाली होती.

शिक्षकाची अडचण इथेच आहे. वर्गात फळ्यासमोर उभं राहून शब्द उच्चारला, तर तो सगळ्यांना ऐकू येतो, आपल्यालाही. इअरफोनमधला शब्द एकट्या मुलालाच ऐकू येतो. त्याला काय ऐकू आलं हे आपल्याला कळत नाही, आणि काय ऐकू आलं नाही हे त्यालाही कळत नाही. मग गुण मात्र त्याचे जातात.

म्हणून या छोट्या यंत्राची गोष्ट जरा मागं जाऊन पाहू.

कानात नळी घालून ऐकण्याची सुरुवात डॉक्टरांनी केली. फ्रान्समधल्या लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ठोके ऐकले. दोन्ही कानांत घालायचा स्टेथोस्कोप १८५० नंतर अमेरिकेत कॅमन यांनी रूढ केला. त्याची टोकं कानात नीट बसली नाहीत तर ठोके हरवतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळतं. हा धडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. १८७६ साली टेलिफोन आला. त्याचा ऐकायचा भाग हातात धरावा लागे आणि तो चांगला जड होता. १८९१ मध्ये अर्नेस्ट मर्केडिए या फ्रेंच अभियंत्यानं दोन्ही कानांत अडकवायच्या चिमुकल्या टेलिफोनचं अमेरिकन पेटंट घेतलं. वजन पावणेदोन औंसांहून कमी, म्हणजे ५० ग्रॅमच्या आत, आणि कानाला काचू नये म्हणून टोकांना रबराची आवरणं. आज आपण कानात घालतो त्याचा हा पणजोबा. पण तो फारसा कुणी वापरला नाही. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन यांनी कानांवर बसणारे हेडफोन घरच्या स्वयंपाकघरात तयार करून नौदलाकडे पाठवले. नौदलाला ते इतके आवडले की मागणी आली, आणि हे गृहस्थ एका वेळी दहाच देऊ शकत होते!

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या कानाला हे यंत्र लागलं ते रेडिओमुळे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं. त्याची शक्ती दीड किलोवॅट. तेव्हाचा स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीज. एरियलमध्ये आलेल्या लहरींतून जी काही इवलीशी ऊर्जा मिळेल तिच्यावरच आवाज व्हायचा, त्यामुळे तो हेडफोन लावूनच ऐकावा लागे. त्या हेडफोनचा विद्युतरोध दोन हजार ओहम किंवा त्याहून जास्त असायचा. आजच्या इअरफोनचा साधारण १६ ते ३२ ओहम असतो. घरातल्या चौघांना ऐकायचं असेल तर हेडफोन एखाद्या भांड्यात ठेवायचा आणि सगळ्यांनी भांड्याभोवती कान लावून बसायचं, अशी युक्ती तेव्हा जगभर चालत असे. क्रिस्टल सेटवर मुंबई केंद्र सुमारे ३० मैलांपर्यंत, म्हणजे ४८ किलोमीटरपर्यंत ऐकू यायचं. बारामती मुंबईपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरवर, इंदापूर आणखी पलीकडे. तेव्हा नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या आपल्या या पट्ट्यात रेडिओ पहिल्यांदा आला तो कानात नाही, तर चारचौघांत, कर्ण्यातून.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. त्याची माहिती प्रत्येक शिक्षकाला असायला हवी असं आम्हाला वाटतं. आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायचं. जे. सी. माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अहवाल लिहिला, आणि श्रोतृमंडळांच्या गावांत माहिती किती वाढली याची मोजदाद त्यात आहे. आमच्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की वीसजण एकत्र ऐकत असताना एखाद्याला खताचं नाव चुकीचं ऐकू आलं तर शेजारचा लगेच ते दुरुस्त करी. ऐकण्याची तपासणी आपोआप व्हायची.

पुढं ट्रान्झिस्टर घरोघर आले. मग १ जुलै १९७९ ला जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला, आणि ऐकणं पुन्हा एकेकट्याच्या कानात गेलं. आता ते मोबाइलबरोबर प्रत्येकाच्या खिशात आहे. बारामतीत २००० नंतरच्या दशकात 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. एफएमची सोय असलेल्या मोबाइलवर असं केंद्र लावायचं तर बहुतेक मोबाइल आधी इअरफोन जोडायला सांगतात, कारण इअरफोनची तारच एरियलचं काम करते. क्रिस्टल सेटच्या मालकाला हे कौतुकाचं वाटलं असतं.

आता 'स्पष्ट' आवाज म्हणजे काय, या प्रश्नाकडे येऊ. याचा पहिला पद्धतशीर अभ्यास संगीतवाल्यांनी केला नाही, तो टेलिफोनच्या अभियंत्यांनी केला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी निरर्थक अक्षरसमूह टेलिफोनवर उच्चारायचे, आणि पलीकडचा माणूस ऐकू येईल ते लिहून घ्यायचा. निरर्थक का? अर्थ असला की मेंदू गाळलेल्या जागा भरतो. "मी उद्या पुण्याला जा..." एवढं ऐकलं तरी आपण वाक्य पूर्ण करतोच. शंभर अक्षरांपैकी किती बरोबर लिहिली, ही स्पष्टतेची मोजणी झाली. बाईंचं श्रुतलेखन हा याच कुळातला प्रयोग होता. फक्त त्या मुलांची परीक्षा घेत होत्या आणि फ्लेचर टेलिफोनची.

जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच कंपनं पाठवली जात. संभाषणाला तेवढी पुरतात. पण नाव-गाव सांगायची वेळ आली की 'फणसातला फ' म्हणावं लागायचं. स्वरांची ऊर्जा मुख्यतः खालच्या कंपनांत असते. व्यंजनांचं वेगळेपण बरंचसं वरच्या कंपनांत असतं. 'श'चा फुसफुसाट साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून जोर धरतो, 'स'चा त्याच्याही वर, चार-पाच हजारांच्या पुढं. वरची कंपनं छाटली, तर 'स' आपलं मुख्य लक्षण गमावतो आणि 'श'च्या किंवा 'फ'च्या जवळ जातो. वह्यांतली 'शाल' इथून आली होती.

मराठीत तर आणखी बारीक भेद आहेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षर एक, उच्चार दोन. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च'ही तसेच. लिपी हा फरक दाखवत नाही, कानानंच तो ओळखायचा. ध्वनींच्या अशा बारकाव्यांचा एक जबरदस्त जाणकार बारामतीतच होऊन गेला. कऱ्हेकाठी राहिलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४). त्यांनी अनेक रामायणं रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून होणारी व्यंजनं वर्ज्य केली आहेत. आजच्या ध्वनिशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पंतांनी एका विशिष्ट जातीच्या ध्वनीला गाळणी लावली! ओठांवर होणाऱ्या स्फोटाचा जोर खालच्या कंपनांत जास्त असतो, दातांवरच्या 'त'चा वरच्या, आणि कंठातल्या 'क'चा मधल्या. 'पार, तार, कार' हे तीन शब्द म्हणजे इअरफोनच्या खालच्या, वरच्या आणि मधल्या पट्ट्यांची फुकट चाचणी.

पण 'एक्स्ट्रा बेस'च्या इअरफोनांत वरची कंपनं अगदीच नव्हती असंही नाही. ती होती, पण दबलेली होती. १९२४ साली वेगेल आणि लेन यांनी दाखवून दिलं, की मोठा खालचा स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतो. वरचा स्वर खालच्याला तितका झाकू शकत नाही. हे असं एकतर्फी का, याचा उलगडा गेओर्ग फॉन बेकेशी यांच्या संशोधनानं झाला. त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या तोंडाशी वरची कंपनं ओळखली जातात, आतल्या टोकाला खालची. म्हणजे खालच्या स्वराची लाट आपल्या मुक्कामी पोचताना वरच्या स्वरांचं अंगण तुडवतच जाते. बेस फुगवलेला असेल तर पुरुषी आवाजातला घुमारा 'स'ला बुडवून टाकणारच.

मग बेस नसलेला, सपाट आवाज चांगला का? इथं एक फसगत आहे, आणि ती समजायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. कानाचं छिद्र पडद्यापर्यंत सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असतं. एका बाजूनं उघडी, दुसऱ्या बाजूनं पडद्यानं बंद, अशी ही नळीच. तेवढ्याच खोलीचं पेनाचं टोपण घेऊन त्याच्या कडेवर फुंकर मारून पाहा, बारीक शिट्टी ऐकू येईल. तशीच ही नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास अनुनाद देते. पाळीची मदत धरली तर तिथला आवाज पडद्याशी पोचेपर्यंत पंधरा-वीस डेसिबलनं वाढलेला असतो. जन्मापासून आपण सारं जग या उंचवट्यासकट ऐकत आलो आहोत. इअरफोनचं बूच बसवलं की नळीचं तोंड बंद होतं आणि हा उंचवटा नाहीसा होतो. तेव्हा पडद्याशी अगदी सपाट आवाज देणारा इअरफोन आपल्याला मंद, गोधडी पांघरल्यासारखा वाटतो. कान बंद करून जे काढून घेतलं ते इअरफोननं परत दिलं पाहिजे. समतोल म्हणतात तो हा.

कानाच्या पडद्याशी आवाज किती वाढतो याची मापं कॅनडातले शॉ यांनी १९७४ मध्ये एकत्र मांडली. श्रवणयंत्रांवर काम करणारे अमेरिकेतले मीड किलियन यांनी तो उंचवटा परत देणारा इअरफोन बनवला. तो १९९१ मध्ये बाजारात आला. म्हणजे मर्केडिएच्या पेटंटनंतर बरोबर शंभर वर्षांनी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी केलेलं काम ज्यांना ऐकू येतं त्यांच्या कामी आलं! त्यानंतर २०१० च्या दशकात शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना नाव-किंमत न सांगता हेडफोन ऐकवले. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर ऐकल्यासारखा आवाज बहुतेकांना आवडला. त्यात बेस थोडा जास्त होता, पण थोडाच. आणि २०१७ मध्ये ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजून पाहिले, तेव्हा त्यांची किंमत आणि आवाजाचा समतोल यांत काही संबंध आढळला नाही. शाळेच्या तुटपुंज्या पैशांत खरेदी करणाऱ्यांना ही बातमी गोड लागावी.

मग जुन्याच्या जागी नवा इअरफोन घ्यायचा तर पाहायचं काय? खोक्यावरचं '२० ते २०,००० हर्ट्झ' खुशाल विसरा. त्या पट्ट्यात कुठं किती चढ-उतार आहेत हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. पहिली गोष्ट म्हणजे रबराची टोपी. बहुतेक जोड्यांबरोबर तीन आकार येतात आणि बहुतेक जण आधीपासून बसवलेली मधलीच वापरतात. बंद कानात इअरफोनपुढं जेमतेम दोन घन सेंटीमीटरची हवा असते, म्हणून दहा मिलिमीटरची चकती इतक्या थोड्या हवेवर सहज दाब आणते. फट राहिली की खालचे स्वर तिथून निसटतात. स्टेथोस्कोपचा धडा हाच. तानपुऱ्याचा खर्ज लावा आणि इअरफोन बोटानं हलकेच दाबा. खर्ज एकदम वाढला तर टोपी लहान आहे. उजव्या आणि डाव्या कानाला वेगळा आकार लागला तर नवल मानू नका. आमच्यातल्या एकाला तसाच लागतो. आमचा तर असा संशय आहे की फट राहिल्यानं 'बेस नाही' अशी तक्रार येते, म्हणून कंपन्या बेस फुगवतात, आणि टोपी नीट बसलेल्याच्या कानात मग घुमटात बोलल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट, तुलना सारख्या आवाजावरच करावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान असला की खालचे स्वर आपल्याला आणखी कमी ऐकू येतात. त्यामुळे थोडा मोठा वाजणारा कुठलाही इअरफोन जास्त भरदार वाटतो. दुकानात तो मोठ्यानं लावून देतात, त्याला भुलू नये. संगणकाला गोल पिनेचं छिद्र आहे का, हेही आधी पाहावं, कारण नव्या मोबाइलचे इअरफोन त्यात बसत नाहीत. बिनतारी जोड्यांची बॅटरी काही वर्षांत थकते, शाळेच्या खोलीत त्या आम्हाला बिनकामाच्या वाटतात.

आणि आवाजाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून जास्त ऐकू नये, मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. तीन डेसिबल वाढवले की वेळ निम्मा होतो. बारामती-इंदापूर एसटीत खिडकीशी बसून ढिल्या टोपीच्या इअरफोननं गाणी ऐकणारा मुलगा इंजिनावर मात करायला आवाज किती चढवत असेल, याचा अंदाज करा. टोपी घट्ट बसली तर बाहेरचा गोंगाटच कमी होतो आणि चढवावं लागत नाही.

शाळेत आम्ही काय केलं? बाईंच्याच आवाजात वीस शब्द मोबाइलवर मुद्रित केले: साल, शाल, सर, पार, तार, कार, दोन्ही 'जग', आणि काही निरर्थक अक्षरं. क्रम उलटसुलट. मुलांच्या जोड्या केल्या. एकानं ऐकून लिहायचं, दुसऱ्यानं मोजायचं, आणि गुण मुलाच्या नावावर न मांडता इअरफोनच्या नावावर मांडायचे. संगणकावर बेस कमी करायची सोय होती, ती वापरून पुन्हा ऐकवलं. टोप्या बदलून पुन्हा. तीन वेगळ्या इअरफोनांवर पुन्हा, त्यांतला एक बाईंच्या मुलाचा जुना, तारेला चिकटपट्टी लावलेला. तोच पहिला आला. डझनभर नव्यांपैकी चार, बेस उतरवून आणि मोठी टोपी लावून, कामापुरते बरे ठरले. बाकीचे गाण्यांसाठी ठेवले.

'साल' आता सगळ्यांनी 'साल' लिहिलं. मात्र 'शाळा' या शब्दाला मागच्या बाकावरच्या एकानं 'साळा' लिहिलं होतं. नीट ऐकू आलं नाही का, म्हणून बाईंनी विचारलं.

"आलं की बाई," तो म्हणाला. "'शाळा'च म्हणाला तुम्ही. पण आमच्यात साळाच म्हणत्यात."